तीन इंचांचा कर्नाळा

पनवेलच्या माणसाला दक्षिण कुठे असे विचारले तर तो सूर्याकडे पाहत नाही. कर्नाळ्याकडे बोट करतो. गावात कुठेही उभे राहा, डोंगरांच्या त्या उतरत्या ओळीत एकच डोंगर असा आहे की ज्याने मूठ आवळून अंगठा वर केला आहे. वैतागलेले पनवेलकर त्याला ठेंगा म्हणतात. मला मात्र तो नेहमी निशाणीचा अंगठा वाटत आला आहे. सही न येणाऱ्या म्हाताऱ्याने खरेदीखतावर उठवावा, तसा सह्याद्रीने कोकणच्या कागदावर उठवलेला! इंग्रजांना त्यात बोटीचे धुराडे दिसले असावे, कारण ते या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणत. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईची माणसे होडीने पनवेलच्या बंदराला उतरत आणि इथून पुण्याची वाट धरीत. खाडीत शिरणाऱ्या त्या होड्यांतून गावाच्याही आधी हा अंगठाच दिसत असणार.

या अंगठ्याची कागदाची एक छोटी प्रतिकृती आमच्या घरी तयार झाली, त्याची ही हकीकत. ती मी केली असे म्हणवत नाही. केली माझ्या नातीने. मी कात्र्या शोधून दिल्या, ओझी वाहिली आणि मधूनमधून इतिहास सांगितला. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी उपयोगी पडल्या.

दिवाळीतला किल्ला म्हणजे मातीचा, हे मराठी वाचकाला काय सांगायचे? सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून पोरे जी घरी येत, ती थेट घमेले घेऊन. विटांचे तुकडे, फाटके गोणपाट, लाल मातीचा चिखल, वर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी, आरशाच्या तुकड्याचे तळे, आणि कुंभाराकडून आणलेले रंगीत मावळे. आमच्या लहानपणी पनवेलमध्ये अंगणांना तोटा नव्हता. वडाळे तळ्याकाठची माती कुणी आणली तर कुणी विचारीत नसे. पण हे गाव आता गाव राहिलेले नाही. 1852 सालची जुनी नगरपालिका 2016 साली महानगरपालिका झाली, वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणाचे वाहनतळ झाले. आमच्या सोसायटीच्या फलकावर दसऱ्यालाच सूचना लागली: किल्ल्यासाठी लिफ्टशेजारी प्रत्येकी तीन फूट बाय दोन फूट जागा मिळेल, माती, दगड व पाणी यांस सक्त मनाई.

मातीला मनाई केलेला किल्ला! चिरंजीवांनी तोडगा काढला की बाजारात तयार किल्ले मिळतात, एक आणून ठेवावा. नात पाचवीत आहे. तिने बापाकडे अशा नजरेने पाहिले, की दहा वर्षांच्या मुलीला ती शोभू नये. “विकत घेतलेला किल्ला म्हणजे फितुरी,” ती म्हणाली. इतिहासात असे किल्ले पुष्कळ घेतले गेले आहेत, हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही.

कागद तेवढा नियमात बसत होता. मग कोणता किल्ला, हा प्रश्न आला. तिचे मत रायगड. सगळ्यांचेच मत रायगड असते. शिवाय 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत रायगड आहे, हेही तिला शाळेत सांगितले होते. मी म्हटले, त्या बारांत आपला कर्नाळा नाही, म्हणून तर तो करू. खिडकीतून दिसतो, तासा-दोन तासांत चढून जाता येतो, आणि केलेले बरोबर आहे की नाही हे कुणालाही जाऊन पाहता येते. आणि मी आणखी एक अट घातली: किल्ला आज आहे तसा करायचा. पडका.

या अटीने घरात आणि जिन्यात खळबळ उडाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एक वयस्कर बाई आहेत. स्वभावाने मायाळू, पण शुभाशुभाच्या बाबतीत कडक. त्या म्हणाल्या, “अहो, दिवाळीत आपण फुटकं मडकं घरात ठेवत नाही, आणि तुम्ही दारात अख्खा मोडका किल्ला मांडणार?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घर सारवायचे, रंगवायचे, भंगार बाहेर काढायचे, अशा दिवसांत पडक्या भिंती हौसेने उभ्या करायच्या हे विचित्रच. पण मला एक गोष्ट फार दिवसांपासून खुपत होती. मातीचा किल्ला करताना आपण बुरूज मनाने ठेवतो, दरवाजा सोयीने ठेवतो, आणि नाव मात्र खऱ्या किल्ल्याचे देतो. पोरांना खरा किल्ला पाहायला नेले की ती हिरमुसतात. “एवढाच?” म्हणतात. मला हा ‘एवढाच’ काढून टाकायचा होता.

किल्ल्यांच्या प्रतिकृती हे पोरखेळाचे काम आहे असेही कुणी समजू नये. फ्रान्सचा चौदावा लुई हा आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन. 1668 साली त्याच्या लूव्हा नावाच्या मंत्र्याच्या सूचनेवरून त्याने आपल्या सरहद्दीवरच्या तटबंद गावांच्या प्रतिकृती करवून घ्यायला सुरुवात केली. लाकूड, कागद, रेशीम, वाळू यांच्या त्या प्रतिकृती, सहाशेस एक अशा काटेकोर प्रमाणात. त्यांवर वाकून सेनापती मोहिमांचे बेत करीत आणि परक्याला त्या दिसू देत नसत. पॅरिसच्या अँव्हालीद या वास्तूत त्यांतल्या कित्येक आजही पाहायला मिळतात. पुढे अठराव्या शतकात रोमला जाणाऱ्या धनिक प्रवाशांना तिथले भग्न अवशेष घरी न्यावेसे वाटू लागले, तेव्हा आंतोनिओ किकी नावाच्या कारागिराने बुचाच्या लाकडातून कोलोसियमसारख्या पडक्या इमारती घडवल्या. बूच मुळातच खरबरीत, कोपरे झडणारे. जीर्ण दगडासारखे दुसरे काय दिसणार? आमच्याकडे बूच नव्हते, चपलांची खोकी होती. राजाने अखंड किल्ले केले आणि किकीने भग्न मंदिरे केली; आम्ही भग्न किल्ला करणार होतो, एवढाच फरक.

पहिली अडचण प्रमाणाची. कर्नाळ्याचा सुळका सव्वाशे फूट उंच आहे असे पूर्वापार नोंदलेले आहे. पाचशेस एक प्रमाण धरले तर सव्वाशे फुटांचे बरोबर तीन इंच होतात. फळीवर किल्ल्याचा माथा आणि त्याखालचा थोडा डोंगर बसतो. अख्खा डोंगर घेतला असता तर तोच तीन फुटांच्या आसपास गेला असता आणि सोसायटीच्या सचिवांना चक्कर आली असती. हिशेब झाला, नात खूश झाली, आणि तिने मावळ्यांचा डबा आणला. त्यातला एक भालेकरी फळीवर उभा केला आणि आम्ही दोघेही गप्प झालो. मावळा तीन इंचांचा होता. म्हणजे आमच्या प्रमाणात सव्वाशे फुटी! सुळक्याला खांदा लावून उभा राहील असा.

“मग आपला माणूस केवढा?” तिने विचारले.

मी कागदावर भागाकार केला. साडेपाच फुटी माणूस आमच्या किल्ल्यावर जेमतेम तीन मिलिमीटरचा होत होता. तिळाएवढा. ती डबा बंद करून बराच वेळ बसली. मला वाटले, बेत फिसकटला. मग ती म्हणाली, “म्हणजे तिथे माणूस तिळाएवढाच वाटत असेल. जाऊन बघू या.”

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी आम्ही निघालो. मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल सोडले की वाटेत शिरढोण लागते. हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव; 4 नोव्हेंबर 1845 चा त्यांचा जन्म. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. 1818 साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने किल्ला घेतला, तेव्हा किल्लेदारी संपली. नातवाने पुढे इंग्रजांविरुद्ध बंड उभारले आणि त्याला एडनला नेऊन तुरुंगात टाकले. 1883 च्या फेब्रुवारीत त्याने कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून काढले आणि तो बाहेर पडला. लगेच पकडला गेला, आणि 17 फेब्रुवारीला तिथेच त्याचा अंत झाला. बाकीचा इतिहास नातीने गाडीच्या खिडकीबाहेर सोडून दिला, पण दार उचकटल्याची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. “आजोबांचा किल्ला गेला म्हणून त्यांनी दुसऱ्यांचं दार काढलं,” असा तिने त्याचा अर्थ लावला. मी दुरुस्ती केली नाही.

कर्नाळ्याचा पायथा म्हणजे पक्षी अभयारण्य. 1968 साली झालेले. हमरस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज शंभर पावलांत मागे पडतो आणि झाडी सुरू होते. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू आली तर तो दिवस सोन्याचा. आम्हाला ती नाही ऐकू आली, पण लांब शेपटीच्या दोन पिसांची टोके मिरवणारा भृंगराज वाटेवरून असा गेला, की नात तोंड उघडे ठेवून उभी राहिली. चढ बेताचा, पण ऑक्टोबरचे ऊन बेताचे नव्हते. माझ्या वयाच्या माणसाने दर वळणावर निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी थांबावे हे बरे दिसते, म्हणून मी थांबत होतो.

धारेवर आले की वारा लागतो, आणि एकदम तो अंगठा समोर येतो. पनवेलहून जो बोटाएवढा दिसतो, तो इथे आकाश अडवून उभा असतो. काळा, उभा, मधोमध भेगाळलेला. त्याच्या कपारींतून आग्या मधमाश्यांची पोळी लोंबत होती. या माश्यांचा लौकिक मोठा वाईट. धूर, अत्तर, आरडाओरडा यांतले काहीही त्यांना खपत नाही, म्हणून जाणते लोक इथे बोलतातसुद्धा हलक्या आवाजात. नातीने वही उघडली आणि कुजबुजत लिहू लागली.

आधी कर्णाईदेवीचे ठिकाण, मग दरवाजा, पायऱ्या, वरचा दरवाजा, एका पडक्या वाड्याच्या भिंती, आणि सुळक्याच्या पोटाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी नि कोठारे. किल्ला म्हणून एवढाच ऐवज. याच्यासाठी किती जण भांडले! देवगिरीच्या यादवांपासून याचे नाव घेतले जाते. गुजरातचे सुलतान, अहमदनगरचे निजामशहा आणि वसईचे पोर्तुगीज यांनी सोळाव्या शतकात तो एकमेकांच्या हातून हिसकावला. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता, आणि 1670 साली तो परत घेतला गेला. त्या तिकडे लुईचे कारागीर कागदाचे तट कापीत बसले होते, तेव्हा इथे खऱ्या तटाखाली मोर्चे बांधले जात होते. किल्ल्याच्या दोन दरवाज्यांत दोन लेख असल्याची जुनी नोंद आहे, एक मराठी आणि एक फारसी. त्याखेरीज अलीकडच्या भाविकांनी आपापली आणि आपापल्या प्रियेची नावे दगडावर कोरून ठेवली आहेत, ती वाचायला कुठल्याही नोंदीची गरज पडत नाही.

नातीच्या वहीत काय काय गेले ते सांगण्यासारखे आहे. तिने भिंतीची उंची आपल्या उंचीत मोजली: इथे ‘माझ्या कमरेएवढी’, इथे ‘माझ्या दोन’, इथे ‘नुसते दगड’. लांबी तिने पावलांत घेतली आणि जिथे पाऊल टाकता येत नव्हते तिथे गाठी मारलेली सुतळी टाकली. भिंतीतून उगवलेल्या प्रत्येक झाडासाठी एक हिरवा ठिपका. कमानीचा कोणता दगड निखळला आहे, कोणता निखळायच्या बेतात आहे. मी आजवर कर्नाळ्याला पाचसात वेळा तरी गेलो असेन, पण एका भिंतीसमोर मी पाव तास कधी उभा राहिलो नव्हतो. अखंड किल्ला मनाने काढता येतो. पडक्या किल्ल्याची एकेक फट जाऊन पाहावी लागते. एका बाजूला काटेरी जाळी इतकी माजली होती की पलीकडे तट आहे की नाही तेच कळेना. तिने वहीत लिहिले, ‘इथे गेलो नाही.’

उतरण्यापूर्वी तिला मी चौफेर दाखवले. एकीकडे प्रबळगड आणि माथेरानचे पठार, एकीकडे माणिकगड, आणि वायव्येला खाडीच्या कडेला नव्या विमानतळाची लांबच लांब पट्टी. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदी दुसरीकडून वळवली, आणि दहा गावे उठून दुसरीकडे गेली. “टेकडी कुठे होती?” नातीने विचारले. मी हात करून दाखवू लागलो आणि हात हवेतच राहिला. पट्टीच्या या टोकाला की त्या टोकाला, तेच सांगता येईना. उभा जन्म या तालुक्यात गेला, पण त्या टेकडीकडे पाहून वहीत काही लिहावे असे कुणालाच वाटले नव्हते.

आता कारागिरीकडे वळू. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या नकाशावर कर्नाळ्याचा माथा नखाएवढा असतो. तो शंभरपट मोठा केला की आमचे प्रमाण येते. नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक रेषा. नालीदार खोक्याचा पुठ्ठा पाच मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या हिशेबात अडीच मीटर डोंगर. तेव्हा दोन रेषांच्या मध्ये आठ थर. असे चाळीस थर. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित लहान, आणि मधल्या सात थरांचा आकार वहीवरून आणि डोळ्यांच्या आठवणीवरून ठरवायचा. हे थर चढत गेले तेव्हा एक गंमत लक्षात आली. खरा सह्याद्रीही असाच झाला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दच मुळी जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आम्ही चपलांच्या खोक्यांनी तेच काम आठ दिवसांत उरकत होतो.

चिकटवायला कणकेची खळ, आणि तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. हे बाइंडिंगवाल्यांचे जुने तंत्र. मोरचूद विषारी, तेव्हा ते काम माझ्याकडे आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही, असा दंडक. सुळक्यासाठी लगदा केला. वर्तमानपत्रे तीन दिवस भिजवली, कुटली आणि त्यांत मेथीची पूड घातली. पूर्वी घरोघर टोपल्यांना हाच लगदा थापीत, मेथीमुळे त्याला कीड लागत नसे. कुटण्यासाठी खलबत्ता लागतो, आणि दिवाळीच्या तोंडावर खलबत्ता मागणे म्हणजे काय हे ज्यांनी मागून पाहिला आहे त्यांना ठाऊक. आमच्या मंडळींनी तो दिला, पण चिवड्याला कागदाचा वास आला तर सगळा चिवडा मलाच संपवावा लागेल असे बजावून. रंगासाठी चहाचे पाणी, गेरू आणि निरांजनावर धरलेली काजळी. काळ्या कातळाला काजळीसारखा रंग दुसरा नाही.

कात्रीचा एक नियम नातीने स्वतःच शोधून काढला. कातळ दाखवायचा तर पुठ्ठा हाताने फाडायचा. त्याची कड खरबरीत, थरथरांची येते. बांधकाम दाखवायचे तर कात्रीने कापायचा. कड सरळ येते. देवाचे काम फाडून, माणसाचे कापून. मग तिने लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून तट कापला. त्यावर सुईने चिऱ्यांच्या रेघा ओढल्या. दरवाजा केला, वाड्याच्या चारी भिंती केल्या, सगळे अखंड, उभे. संध्याकाळी ते जागेवर लावून पाहिले तेव्हा घरातले सगळे जमले. फार देखणे दिसत होते.

मी म्हटले, “आता फाडायला घे.”

“नाही फाडणार.”

वही उघडून दाखवली. ‘नुसते दगड’ असे तिच्याच अक्षरात लिहिलेले दाखवले. ती ढिम्म. डोळ्यांत पाणी. “मी तीन दिवस केलंय. त्यांनी पाडला म्हणून मी पण पाडायचा?”

यावर आजोबांनी काय बोलावे? 1818 नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे मुद्दाम मोडले, उरलेले काम दोनशे पावसाळ्यांनी आणि उंबर-पिंपळांच्या मुळ्यांनी केले, हे सगळे मला येत होते. पण समोर तीन दिवस वाकून सुईने चिरे ओढलेली पोर होती. सूनबाई म्हणाल्या, “राहू दे ना हो, तसाच छान दिसतोय.” मी कात्री ठेवून दिली आणि फिरायला निघून गेलो.

परत आलो तेव्हा ती एकटीच फळीसमोर बसली होती. एका हातात वही. भिंत फाडत होती, पण कशी? आधी वहीत पाहायचे, मग बोटाने ती जागा शोधायची, आणि तिथलाच तेवढा कागद चिमटीने, कापूस ओढावा तसा हळूहळू ओढायचा. फाडलेला एकही तुकडा तिने टाकला नव्हता. तो तिथेच भिंतीच्या पायाशी ठेवून खळीच्या थेंबाने चिकटवला होता. “पडलेले दगड तिथेच होते ना,” ती म्हणाली. मी वाकून पाहिले. खरेच, खऱ्या किल्ल्यावर ते तिथेच आहेत. कुणी उचलून वर ठेवणारा नाही, एवढेच.

हिरव्या ठिपक्यांच्या जागी स्पंजाचे कण आले. पोळी म्हणून सुळक्याच्या कपारीत मोहरीचे दाणे. आणि वाड्याच्या उंबऱ्यात एक पांढरा तीळ उभा चिकटवला, तो माणूस. तो दिसावा म्हणून शेजारी माझे वाचायचे भिंग दोऱ्याने बांधून ठेवले.

जाळीपलीकडच्या त्या न पाहिलेल्या तटाचे काय करायचे, यावर पुन्हा थोडी चर्चा झाली. माझे मत असे की बाकीच्यासारखाच अंदाजाने एक तट काढावा. कुणाला कळणार आहे? नातीने तो तुकडा तसाच ठेवला. ना रंग, ना रेघा. चपलांच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा.

वसुबारसेला किल्ला लिफ्टशेजारी विराजमान झाला. उजवीकडे थर्मोकोलचा रायगड, त्यावर लुकलुकणारे दिवे. डावीकडे विकतचा प्रतापगड. मधे आमचे हे काळे, पडके, दिवे नसलेले प्रकरण. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या, भिंगातून तीळ पाहिला, आणि काही न बोलता घरी जाऊन एक पणती घेऊन आल्या. फळीच्या कडेला, कागदापासून हातभर दूर, ती त्यांनी चार दिवस रोज लावली. स्पर्धेचे परीक्षक आले त्यांनी विचारले, “महाराज कुठे बसवले?” नात म्हणाली, “हा आत्ताचा आहे. महाराज त्या वेळी होते.” परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले. बक्षीस उत्तेजनार्थ मिळाले, एक कंपासपेटी.

किल्ला आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. कोकणच्या दमट हवेत लगद्याचा सुळका किंचित कलला, त्याला मागून पुठ्ठ्याचा टेकू दिला आहे. कसर लागलेली नाही. सव्वाशे फुटी मावळा शेजारी पहाऱ्याला आहे. त्याला किल्ल्यात शिरायची परवानगी नाही. येणारेजाणारे पाहतात, बहुतेकांचे बोट शेवटी त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर येऊन थांबते, आणि ते विचारतात, “हे रंगवायचं राहिलं वाटतं?”

“तिथे आम्ही गेलो नाही,” नात सांगते. जाळी वाळली की फेब्रुवारीत जायचे ठरले आहे. सुतळीला तिने आणखी गाठी मारून ठेवल्या आहेत.